पदवीचे गुण आणि व्यवस्थापनशिक्षणाचा उंबरठा

वसई-विरारच्या महाविद्यालयांतून मुंबई विद्यापीठाची पदवी जेमतेम द्वितीय श्रेणीत मिळविलेल्या विद्यार्थ्यास व्यवस्थापनशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा मार्ग खुंटला असे वाटते. ही समजूत अर्धीच खरी होय. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत पदवीचे गुण मुख्यत्वे पात्रतेपुरते पाहिले जातात: सर्वसाधारण वर्गास 50 टक्के, महाराष्ट्रातील मागासवर्गीय उमेदवारांस 45. पुढचा गुणानुक्रम प्रवेशपरीक्षेवर लागतो. त्यामुळे 1965 साली स्थापन झालेल्या जमनालाल बजाज संस्थेतही 52 टक्क्यांचा पदवीधर 80 टक्केवाल्यास मागे टाकू शकतो. मात्र पात्रतेतील एका टक्क्याची उणीव प्रवेशपरीक्षेतील कोणतेही यश भरून काढीत नाही. म्हणून श्रेयांकांची टक्केवारी विद्यापीठाच्याच सूत्राने काढणे निर्णायक ठरते. सरसकट दहाने गुणून हताश अथवा निश्चिंत होणारे थोडे नाहीत.

भारतीय व्यवस्थापन संस्थांचे गणित निराळे आहे. तेथे मुलाखतीसाठी निवड करताना बहुधा दहावी, बारावी व पदवी या टप्प्यांचे गुणही जमेस धरतात. ते गुण आता बदलणारे नव्हेत. परंतु कित्येक संस्था नोकरीच्या अनुभवासही भारांक देतात. विरारहून चर्चगेटला नित्य जाऊन केलेली दोन-तीन वर्षांची जबाबदारीची नोकरी तेथे हिशेबात येते.