बिळातली कातीण

आमच्या घरी एक कुत्रे आहे, दोन म्हशी आहेत, आणि वाशीत कुणाच्याही घरी असतात तितपत मांजरे आहेत. मागच्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांत किराणा दुकानातून आणलेल्या बिस्किटांच्या एका उभ्या बरणीची भर पडली. बरणीत माती होती आणि मातीत एक भोक होते. बघायला आलेले मित्र पाच-दहा मिनिटे टक लावून बसत आणि मग विचारत, "अरे, पण कोळी कुठाय?" मी म्हणे, "भोकात." ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत तिचे वर्णन करीत नाही.

आमच्याकडे कोळ्याला कातीण म्हणतात. कातते ती कातीण, असा मी आपला अर्थ लावतो. पावसाळ्यात कुणाच्या अंगावर फोड उठले की आजी लगेच म्हणते, "कातीण फिरली." कातिणीचा यात बहुधा काही संबंध नसतो. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक तांबडा-काळा बारीक किडा अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातील द्रवाने असे फोड येतात. पण आमच्या बरणीतली कातीण तळहाताएवढी आणि केसाळ. तिला बघून आजीला हे पटवणे शक्यच नव्हते.

इंग्रजीत या केसाळ कोळ्यांना टॅरँटुला म्हणतात. इटलीतील तारांतो गावावरून हे नाव पडले. गंमत अशी की तिथला मूळचा टॅरँटुला हा वेगळ्याच कुळातला कोळी; त्याचे नाव या थोराड कोळ्यांना पुढे चिकटले. घरातल्या साध्या कोळ्याचे दात चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात, तर यांचे दात टिकावासारखे वरून खाली पडतात. डोळे आठ, पण दृष्टी बेताचीच. सगळा व्यवहार पायांवरच्या केसांना कळणाऱ्या हादऱ्यांवर चालतो. यांतले काही झाडावर राहतात, काही बिळात. बिळातली कातीण हवेत जाळे विणत नाही. बिळाला आतून रेशमाचे अस्तर लावते आणि रात्री तोंडाशी येऊन बसते. किडा जवळून गेला की हादरा पोचतो, आणि एका झेपेत काम उरकते.

सह्याद्रीत अशी बीळ करून राहणारी एक जात आहे, किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील पोकॉक यांनी १८९९ साली तिचे नामकरण केले. आज युरोप-अमेरिकेतले हौशी लोक तिला काचेच्या पेटीत पाळतात. ब्रह्मदेश व थायलंडकडच्या एका निळ्या बिळकरी कोळ्यालाही तिकडे मोठी मागणी आहे. उलट दिशेनेही व्यापार चालतो. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेले एक पार्सल उघडले, तर आत १०७ कुप्यांत जिवंत कोळी होते, चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेले. माझ्या कातिणीची जात मी सांगत नाही, कारण ती ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो आणि मी कला शाखेचा विद्यार्थी आहे.

ती मी विकत आणली नाही; उकरून आणली. आमच्या रानात बांधावर बाभळीखाली रुपयाएवढे गोल भोक होते, कडेला पांढरे अस्तर. पहिला पाऊस झाला होता. टिकाव घेऊन दोन तास खणले, तेव्हा हातभर खाली ती सापडली. पुढचे पाय उचलून, दात काढून उभी राहिली. त्या झटापटीत तिचा एक पाय तुटला. तेव्हा मला त्याचे फारसे काही वाटले नाही, हे कबूल करतो.

पाळण्याचे म्हणाल तर शिकण्यासारखे थोडे आणि न करण्यासारखे पुष्कळ आहे. भांडे पसरट नको, उभे हवे. निम्म्याहून जास्त माती हवी. आमची काळी माती चालत नाही, वाळली की भेगाळते. मी बांधाचीच मुरमाड माती नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळून वापरली. खालचा थर ओलसर, वरचा कोरडा. झाकण पक्के आणि बारीक भोकांचे, कारण हे कोळी काचेवरही चढतात. एक उथळ झाकणभर पाणी. आठ-दहा दिवसांनी एखादा किडा पुरतो. मोठी कातीण महिनोन्महिने उपाशी राहू शकते. सोयाबीनमधले नाकतोडे मात्र कधी घालू नयेत, त्यांच्या अंगावर फवारणीचे औषध असते. मी गोठ्यातल्या दगडांखालचे रातकिडे धरीत असे.

आणि हातात घ्यायचे नाही. चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीची नोंद नाही, पण आपल्याकडच्या जातींचा चावा फार दुखतो. तिच्या दृष्टीने तर हे आणखी वाईट. हातभर उंचीवरून पडली तरी तिचे पोट फुटू शकते.

नोव्हेंबरात एके सकाळी बघतो तर कातीण बिळाबाहेर, चक्क पाठीवर पडलेली. आई म्हणाली, "आरं, मेली की ती. टाक उकंड्यावर." मी बरणी उचलली देखील. तेवढ्यात भूगोलाच्या सरांनी त्यांच्या ओळखीच्या प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांचा नंबर दिला होता, तो आठवला. त्यांनी फोनवर एकच विचारले, "पाय पसरलेले आहेत की आखडलेले?" पसरलेले होते. ते म्हणाले, "मग बरणी खाली ठेव आणि हात लावू नकोस."

कारण असे. कोळ्याला पाय आखडायला स्नायू असतात, पण मुख्य सांध्यांशी पाय लांब करायला नसतात. ते काम अंगातील द्रवाच्या दाबाने होते. मेला की दाब जातो आणि पाय पोटाशी गोळा होतात. पाठीवर पडून पाय पसरलेला कोळी मेलेला नसतो, तो कात टाकत असतो. आम्ही दुपारपर्यंत पाहत बसलो. आईने भाकरी थापायच्या ठेवल्या. जुन्या कातड्यातून फिकट, ओलसर कातीण हळूहळू बाहेर आली. आणि तुटलेल्या पायाच्या जागी एक नवा पाय होता; बारका, आखूड, पण पाय होता. दात टणक होईपर्यंत तिला खायला घालायचे नाही, असे सरांनी बजावले होते. तो मऊ असताना रातकिडासुद्धा तिला कुरतडू शकतो.

कातेवरून मादी ओळखता येते असे सर म्हणाले. कात पुडीत बांधून पाठवली, आणि उत्तर आले की मादीच आहे. पावसाळ्यात रस्त्यावर भटकताना दिसतात ते नर, मादी शोधत निघालेले; वयात आल्यावर त्यांचे आयुष्य फारसे उरत नाही. मादी पंधरा-वीस वर्षेही जगते आणि एरवी बीळ सोडत नाही. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधक बाईंनी याच गोतातल्या, बिळाला झाकण करणाऱ्या एका मादीवर १९७४ पासून खूण ठेवली होती. २०१६ मध्ये ती गेली तेव्हा ४३ वर्षांची होती. तेवढी वर्षे एका बिळात, आणि बाईंनी एकदाही ती उकरून घरी नेली नाही!

हे वाचल्यावर बरणीकडे बघणे अवघड होऊ लागले. उन्हाळ्यात सोडणे म्हणजे भाजून मारणे होते, म्हणून या वर्षीच्या जूनपर्यंत थांबलो. त्याच बांधावर, मी खणलेल्या जागेपासून चार पावलांवर, पहारीने तिरके भोक पाडले आणि संध्याकाळी बरणी आडवी केली. ती बराच वेळ हललीच नाही. मग आत गेली. आठवड्याने भोकाच्या कडेला पांढरे अस्तर दिसले.

दिवाळीआधी दादांनी बांध कोरायला यंत्र लावले होते. मी वर्गात होतो, सांगायचे राहून गेले. धावत रानात पोचलो तेव्हा बांध सगळीकडून ताशीव झाला होता. बाभळीखाली तेवढा एक उंचवटा राहिला होता. दादा म्हणाले, "तुजं भोक हाय तितं. बघ आत हाय का."

बॅटरी लावून पाहिले. होती.