वाचा कोणत्या भाषेत परतते?

भिलाईतल्या मराठी घरात बोलणं मराठीत, पोलाद कारखान्यातली ड्यूटी हिंदीत आणि बाजारहाट बराचसा छत्तीसगढीत. पक्षाघातानं अशा माणसाची वाचा गेली, तर आधी कोणती भाषा परतते? फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ रिबो म्हणाले, सर्वांत आधी शिकलेली. तिथलेच डॉक्टर पित्र यांनी १८९५ मध्ये सांगितलं, सर्वांत जास्त वापरातली. वाद अजून मिटलेला नाही. अनेकांच्या सगळ्या भाषा बरोबरीनंच सुधारतात.

हैदराबादच्या ‘निम्स’ रुग्णालयात सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास केला. २०१६ च्या त्या निबंधानुसार एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्क्यांची स्मरण-आकलनशक्ती शाबूत राहिली, एकभाषकांपैकी १९.६ टक्क्यांची. वाचाघाताचं प्रमाण मात्र दोन्हींकडे जवळपास सारखंच!

कोणती भाषा परतली हे ठरवण्यातली खरी गोम आहे तपासणीत. पाण्याचा पेला दाखवल्यावर आजोबा ‘पानी’ म्हणाले, तर ‘ण’ निसटला की शब्दच हिंदीतून आला? मराठी न जाणणाऱ्या स्पीच थेरपिस्टला हा प्रश्न पडणारही नाही. तेव्हा पहिल्या भेटीला जाताना रुग्ण कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचा, ते कागदावर लिहून न्या.