निराळ्या घडणीची मुले व माध्यमिक शाळेतील प्रवेश

जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा चौथीपर्यंत वा सातवीपर्यंत असतात. पुढील इयत्तेसाठी मुलास परगावच्या विद्यालयात जावे लागते. इतर मुलांच्या हा बदल काही आठवड्यांत अंगवळणी पडतो. परंतु ज्याच्या ठायी स्वमग्नता आहे, ज्याचे अवधान फार चंचल आहे, किंवा ज्यास वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, अशा मुलाची शाळा याच वळणावर सुटण्याचा धोका असतो.

याचे कारण अभ्यासक्रमाच्या काठिण्यात शोधू नये. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक दिवसभर मुलांसमवेत असतो. कोणते मूल घंटेच्या आवाजाने कान झाकते, कोणते मूल तोंडी उत्तर अचूक देते पण पाटीवर अक्षरे उलटसुलट काढते, हे त्यास न सांगता ठाऊक असते. माध्यमिक शाळेत तासागणिक शिक्षक पालटतात. मूल तेच, त्यास ओळखणारा माणूस मात्र मागे राहतो.

आपण सोबत पाठवितो तो केवळ दाखला. त्यातील ‘प्रगती’ व ‘वर्तणूक’ या रकान्यांत ‘बरी’ असे लिहून आपण मोकळे होतो. त्या ‘बरी’वरून कोणास काही उमगल्याचे आमच्या ऐकिवात नाही! म्हणून वर्गशिक्षकांनी एक पानाचे टिपण स्वतंत्रपणे लिहावे. ‘हट्टी’, ‘मंद’ ही विशेषणे त्यात नसावीत. आढळलेली गोष्ट व तीवरील उपाय असावा. उदाहरणार्थ, “वेळापत्रक अकस्मात बदलल्यास रडू लागतो, आदल्या दिवशी सांगितल्यास शांत राहतो.” “फळ्यावरील मजकूर उतरवून घेण्यास दुप्पट वेळ लागतो. गणिताची रीत तोंडी बिनचूक सांगते.” अशी चार वाक्ये नव्या शिक्षकांचे कित्येक महिने वाचवितात. शाळा उघडण्यापूर्वी एकदा मुलास नव्या इमारतीत नेऊन वर्ग, पाण्याची जागा व स्वच्छतागृह दाखवून आणावे.

1995 च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांचा समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत तो झाला. त्यातील कलम 17 मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच द्वितीय व तृतीय भाषेतून सूट यांसारख्या फेरबदलांची तरतूद आहे. मात्र प्रमाणपत्राची खटपट दहावीत आरंभिल्यास फार उशीर होतो. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांचा सल्ला प्राथमिक शाळेत असतानाच घ्यावा. अवधानाची चंचलता त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. तेथे आपले टिपण अधिकच मोलाचे.

टिपण पालकांस वाचून दाखवावे व त्यांची संमती असेल तरच धाडावे. कागदावर असे काही आले तर प्रवेश मिळणार नाही, ही धास्ती अनेक माता-पित्यांस असते व ती अगदीच निराधार म्हणवत नाही. शासनमान्य वा अनुदानित शाळेने अशा मुलांस भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असे कलम 16 सांगते, हे त्यांस समजावून द्यावे. तरीही त्यांनी नकार दिल्यास, प्रवेश झाल्यानंतर नव्या वर्गशिक्षकांस तोंडी सांगण्यापुरती अनुमती मागून पाहावी.