शब्दांचा ठावठिकाणा : सौभाग्य कोणाचं?

कुठलीही मराठी लग्नपत्रिका उघडा. मुलाच्या नावाआधी 'चि.' असतं आणि मुलीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' चिरंजीव दोघंही असोत, पण मुलगी शिवाय 'सौभाग्यकांक्षिणी', म्हणजे सौभाग्याची इच्छा धरून बसलेली. अक्षता पडल्या की ती 'सौ.' होते आणि तो 'श्री.' तो पुढे काहीही झालं तरी 'श्री.'च राहतो. गेल्या आठवड्यात आपण 'श्री' पाहिली, आज तिच्या शेजारणीकडे वळू.

सौभाग्य म्हणजे 'सु' अधिक 'भाग्य', अशी सगळ्यांची समजूत असते. तसं असतं तर शब्द 'सुभाग्य' झाला असता. याचं मूळ 'सुभग' हा शब्द. 'भग' म्हणजे वाटा. वाटणं या अर्थाच्या 'भज्' धातूपासून तो आला, आणि भाग, भाग्य, विभागणी, भक्त ही सगळी त्याच कुळातली मंडळी. ताटातला भातसुद्धा, कारण संस्कृत 'भक्त' म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ. वेदांत भग नावाचा देवही आहे, आदित्यांपैकी एक, ज्याच्याकडे वाटपाचं खातं. ज्याच्या वाट्याला चांगलं आलं तो सुभग, आणि सुभगपणा म्हणजे सौभाग्य. पाणिनीने यासाठी नियमच करून ठेवला आहे: शेवटी 'भग' असलेल्या अशा शब्दांत दोन्ही पदांचा पहिला स्वर वाढतो. म्हणून 'सु'चा 'सौ' आणि 'भग'चं 'भाग्य'. सुहृदाचं सौहार्द होतं ते याच नियमाने. या साऱ्यात नवऱ्याचा कुठे पत्ता नाही. चांगला वाटा कोणालाही मिळू शकतो.

मग लग्नाशी नातं कधी जडलं? तेही जुनंच आहे, पण आजच्यासारखं नव्हतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ८५वं सूक्त म्हणजे विवाहसूक्त. पाणिग्रहणाला भटजी आजही त्यातला मंत्र म्हणतात, आणि मंडपात त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. त्यात वर वधूला सांगतो की सौभाग्यासाठी मी तुझा हात धरतो, माझ्यासोबत तू म्हातारी हो. नीट पाहा, दीर्घायुष्य मागितलंय ते बायकोला. वडाला फेऱ्या मारून नवऱ्याचं आयुष्य मागणाऱ्या बाईला हा मंत्र कोणी अर्थासह सांगत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

पुढे संस्कृत साहित्यात शब्दाने आणखी एक वळण घेतलं. 'सुभगा' म्हणजे नवऱ्याची लाडकी, 'दुर्भगा' म्हणजे त्याच्या मनातून उतरलेली. आपल्या कहाण्यांतल्या आवडती आणि नावडती राण्या त्या याच. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त डोळ्यांदेखत मदन जळून गेल्यावर पार्वती स्वतःच्या रूपालाच दोष देते, कारण प्रियकराचं प्रेम मिळवून देणार नसेल तर ते रूप काय कामाचं! त्या प्रेमासाठी कालिदासाने शब्द वापरलाय 'सौभाग्य'. शंकर जिवंत आहे की नाही हा तिथे प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो तिच्यावर प्रेम करतो की नाही, एवढाच.

मराठीत येईतो शब्दाचा पैस फार आखडला. नवरा जिवंत आहे ना, मग ती सौभाग्यवती. तो तिला विचारत नसेल, घरी येत नसेल, हात उगारत असेल, तरी ती सौभाग्यवतीच. कालिदासाच्या हिशेबाने जी दुर्भगा ठरली असती, ती आपल्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मानाने बसते, आणि तीस वर्षं सुखाचा संसार करून नवरा गेलेली बाई आतल्या खोलीत तिळगुळाच्या पुड्या बांधत बसते.

हे सौभाग्य दुसऱ्याच्या श्वासावर टांगलेलं, म्हणून भाषाही त्याच्याभोवती जपून वावरते. कासाराकडे बांगड्या भरताना एखादी पिचली, तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर 'गळ्यातलं वाढवलं'. करंड्यातलं कुंकूही संपत नाही, 'वाढतं'. दुकान बंद करताना दुकानदार 'वाढवतो' आणि घराबाहेर पडताना आपण 'येतो' म्हणतो, त्याच जातीचा हा उलटा शब्द. फरक इतकाच की दुकान सकाळी पुन्हा उघडतं.

सभेतला वक्ता जेव्हा 'आज आपल्यासमोर बोलण्याचं सौभाग्य लाभलं' म्हणतो, तेव्हा माझ्या कानाला ती हिंदी लागते. हिंदीने नवऱ्याच्या अर्थासाठी याच शब्दातून 'सुहाग' वेगळा काढला आणि मूळ 'सौभाग्य' सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. म्हणून २०१७ साली घरोघरी वीज देण्याच्या केंद्राच्या योजनेला 'सौभाग्य' हे नाव सहज शोभलं. मराठी पुरुष पूर्वापार 'भाग्य लाभलं' म्हणत आला. सौभाग्य लाभायला त्याला काही जोखीमच नव्हती.

नवऱ्याच्या मरणाने बायकोचंच सगळं का जावं, हा सवाल ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना'मध्ये १८८२ सालीच रोखठोक विचारला होता. त्यानंतर एकशे चाळीस वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. पण पुढच्याच वर्षी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरावा असा प्रस्ताव मंत्रालयातूनच पुढे आला. जुन्या पत्रिकांतलं 'गं. भा.' ते हेच. चौफेर टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. दागिने राहू द्यायचे आणि नावामागे पाटी लावायची, यात काय मिळवलं?

राहता राहिला 'श्रीमती'. हिंदीत ही लग्न झालेली बाई. मराठीत मात्र जिच्यापुढे 'सौ.' लावता येत नाही तिच्यासाठी तो शब्द राखून ठेवला गेला. त्यामुळे सरकारी पत्रावर सरसकट छापलेलं 'श्रीमती' पाहून, 'अहो, आमचे हे चांगले धडधाकट आहेत!' असं साहेबाला ऐकवणाऱ्या बायका कचेऱ्यांत अजून भेटतात. नव्या पोरी सरळ नुसतं नाव लिहितात. पत्रिकेत मात्र 'चि. सौ. कां.' असतंच, कारण छापखान्यात मजकुराचा साचा तयार असतो आणि तो बदला म्हणायला लग्नघरात कोणाला सवड नसते.

पुढच्या आठवड्यात 'नशीब'. हा अरबीतून आला, आणि तिकडेही त्याचा मूळ अर्थ 'वाटा' असाच आहे.