चमक दोन तासांची आणि चमक चार दिवसांची

आमचा धंदा कापडाचा. भिवंडीत ग्रे कापड घ्यायचे, प्रोसेसला द्यायचे आणि पुढे विकायचे, यातच आमची तीस वर्षे गेली. तेव्हा मोटारगाडीच्या पॉलिशवर आम्ही या पानात लिहावे, याचे वाचक बांधवांना नवल वाटेल. पण 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही चार दिवस एका पॉलिश कारागिराच्या शेडमध्ये स्टुलावर बसून काढले. तिथे जे पाहिले ते गाडीवाल्यांच्या आणि कारागिरांच्या, दोघांच्याही कामाचे आहे.

गाडी आमच्या थोरल्या भावाची, 2014 ची काळी सेडान. 2022 मध्ये भाईजानचा इंतकाल झाला आणि ती आमच्याकडे आली. भाईजान तिला जिवापाड जपत. रोज सकाळी नमाजहून आले की दुकानातले एक सुती फडके घेऊन गाडी कोरडीच पुसून काढत. आठ वर्षे हा नेम चुकला नाही. ती उन्हात उभी केली की साऱ्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेषा दिसत. आमची समजूत अशी, की वय झाले की असे होणारच.

घरात मुलीचे लग्न ठरले, म्हणून आम्ही गाडी रस्त्यावरच्या एका दुकानात पॉलिशला दिली. दोन तास आणि पंधराशे रुपये. गाडी आरशासारखी होऊन आली. तिसऱ्या धुण्यात मात्र सगळ्या रेषा पुन्हा हजर, शिवाय बोनेटच्या पुढच्या कडेला बोटभर लांबीचा एक फिकट पट्टा नवाच उमटलेला. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, "सेठ, गाडी जुनी आहे."

मग एका स्पेअर पार्टवाल्या मित्राने कल्याण रस्त्याच्या बाजूच्या गल्लीतला एक कारागीर सांगितला. वय तिशीचे. मामाच्या हाताखाली कुर्ल्यात डेंटिंग-पेंटिंग शिकलेला. त्याने बॅटरी लावून गाडी पाहिली आणि आधी चार दिवस मागितले, पैशाचे नंतर बोलला. नऊ हजार. आम्ही वैतागून म्हटले, "उस्ताद, चार दिवसांत आमच्याकडे ट्रकभर कापड रंगून येते." तो हसला. दारावरची हातभर जागा घेऊन त्याने ती पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. तिथे उरलीसुरली चकाकीही गेली. "चाचा, रेषा निघाल्याच नव्हत्या. तेल-मेणाचे पॉलिश घालून भरल्या होत्या."

हे आम्हांस लगेच कळले. हलक्या कापडाला भरपूर खळ दिली की दुकानात ते भरदार दिसते आणि पहिल्या धुण्यात त्याची जाळी होते. गिऱ्हाईक एकदा फसते. आम्ही या विषयावर दुसऱ्यांना पुष्कळ ऐकवले आहे. आता आम्हीच गिऱ्हाईक होतो.

पहिला दिवस नुसता धुण्यात गेला. आधी जोराच्या पाण्याने धूळ उडवली, मग दोन बादल्या घेतल्या; एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत हातमोजा खळबळायला साधे पाणी. एकाच बादलीत बुचकळले तर निघालेली वाळू पुन्हा गाडीवरच फिरते. नंतर एक द्रव फवारला. त्याला सडक्या अंड्याचा वास होता आणि काही मिनिटांत चाकांजवळ जांभळे ओघळ सुटले. ब्रेक झिजून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुततात, ते हा द्रव विरघळवतो. राहिलेली घाण चिकणमातीसारख्या एका वडीने, पाणी-साबणाचा ओलावा ठेवत, हलकेच ओढून काढली. मग त्याने आम्हांला प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून पत्र्यावर फिरवायला सांगितला. कापड पारखणारा हात आहे आमचा, तरी उघड्या बोटांना जे लागले नव्हते ते पिशवीतून लागले. वडी फिरलेला भाग रेशमासारखा होता आणि न फिरलेला खादीसारखा.

दुसऱ्या दिवशी खरा हिशेब सुरू झाला. पूर्वीच्या फियाट, ॲम्बॅसडरला रंगाचाच थर असे. पॉलिश केले की फडक्याला रंग लागे. आताच्या बहुतेक गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर म्हणतात. चमक त्याचीच, उन्हापासून रंगाला वाचवण्याचे कामही त्याचेच. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्या भाषेत सांगायचे तर कापसाचा एक तंतू साधारण 12 ते 20 मायक्रॉनचा असतो. म्हणजे तीन-चार तंतू एकावर एक ठेवावेत एवढीच गाडीची सारी शोभा. आणि पॉलिश करणे म्हणजे रेषेच्या तळापर्यंत हा थर घासून कमी करणे. गेलेला थर पुन्हा येत नाही. त्यासाठी पुन्हा रंगच मारावा लागतो.

म्हणून त्याने हातात मावणारे गेज घेऊन पत्रा जागोजाग मोजला आणि आकडे कागदावर लिहिले. प्रायमर, रंग, क्लिअर मिळून छतावर 118, बोनेटच्या मध्यावर 112. आधीच्या दुकानाने जिथे मशीन दाबले होते तिथे 84. मागच्या उजव्या दारावर 260. "हे दार एकदा रंगवलेले आहे," तो म्हणाला. आम्ही ठामपणे नाही म्हणालो. घरी भाभींना विचारले तेव्हा कळले, की भाईजाननी एकदा ते खांबाला घासले होते आणि कुणाला न सांगता दुरुस्त करून आणले होते.

तो कागद त्याने आमच्या सहीनिशी ठेवला. आमच्या कारागीर बांधवांनी ही गोष्ट जरूर उचलावी. काम हाती घेण्याआधी गाडीची हालत काय होती हे लिहून ठेवले, की उद्या भांडण होत नाही.

मग नमुना. बोनेटच्या हातभर चौकोनात सर्वांत सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिशने सुरुवात. रेषा राहिल्या तर एक पायरी कडक. आमच्या गाडीला तिसऱ्या पायरीवर उत्तर मिळाले. रस्त्यावरचा माणूस उलट करतो, सर्वांत कडक कंपाउंड आणि लोकरी पॅड पहिल्याच हाताला. नुसते गोल फिरणारे मशीन एका जागी थांबले की पत्रा तापतो, आणि कडेला थर मुळात पातळ असल्याने तिथे क्लिअर फाटतो. आमच्या बोनेटला तेच झाले होते. याचे मशीन फिरता फिरता डोलणारे होते. ते हळू काम करते, पण जाळत नाही. सगळ्या कडांवर आणि रबरांवर त्याने आधी चिकटपट्टी लावली होती. बंपरवर हात आणखी हलका, कारण तो प्लास्टिकचा; तिथे उष्णता साठून राहते आणि साधे गेजही चालत नाही. तिसरा दिवसही यातच, मग बारीक पॉलिश. शेवटी बोनेटच्या मध्यावरचा आकडा 109 आला. तीन मायक्रॉनसाठी दोन दिवस!

डाव्या दारावरचे दोन खोल ओरखडे मात्र त्याने तसेच ठेवले. नखाला लागतो तो ओरखडा काढायला गेलो तर थरच संपेल, म्हणाला. आम्हांला हे आवडले नाही. पैसे पूर्ण देतो तर काम पूर्ण हवे, अशी आमची व्यापारी सवय. पण 84 चा आकडा समोर कागदावर होता, त्यामुळे गप्प बसलो.

एका बाबतीत मात्र आमचा शब्द चालला. पॉलिश पुसायला त्याच्याकडे होजिअरीच्या चिंध्या होत्या. त्या चिंध्यांत शिवणीचा पॉलिस्टर दोरा असतो, कधी बटणाचा तुकडाही. तीन दिवस घासून काढलेल्या रेषा या दोऱ्याने तीन मिनिटांत परत येतील, हे आम्ही त्याला उकलून दाखवले. दुसऱ्या दिवशी आम्ही मायक्रोफायबरचे टॉवेल नेले. हा तंतू एक डेनिअरहून बारीक, पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचा, बहुधा 80-20 किंवा 70-30 प्रमाणात. तो चिरलेला असतो, म्हणून धूळ ढकलत नाही, आत उचलून घेतो. काठाला शिवण नसलेला माल घ्यावा. सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये, इस्त्री करू नये. असे केले की त्याचा गुण संपतो. लेबल कापून टाकावे.

चौथ्या दिवशी अल्कोहोलने पुसून गाडी उन्हात काढली. या वेळी पुसल्यावर काही गेले नाही. वर सिरॅमिकचा लेप दिला. त्याच्या डबीवर '9एच' छापलेले असते, आणि विकणारे हे हिऱ्याच्या कडकपणाशी जोडून सांगतात. ते पेन्सिलीने ओरखडा काढून पाहण्याच्या चाचणीचे माप आहे. लेपाने किल्लीचा ओरखडा थांबत नाही, धुणे सोपे होते एवढेच. रात्रभर गाडी शेडमध्ये राहिली. आठ दिवस धुवायची नाही, पक्ष्याची विष्ठा पडली तर लगेच ओल्या टॉवेलने भिजवून उचलायची.

निघताना त्याने आम्हांला विचारले, कोरडे फडके कोण मारत होते? आम्ही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "चाचा, काळ्या गाडीला जीव लावणाऱ्या माणसाच्या हातूनच असे होते."

फडके डिकीतच होते, आमच्याच दुकानाच्या थानातले. ते काढून आम्ही घरी नेले. कारागिराला पुढच्या महिन्यात तीन डझन टॉवेल पाठवले, निम्मे रोख, निम्मे उधारीवर, आणि उधारी वेळेवर आली.