दहा टक्के म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन-नीतीचा पेपर सुरू झाला की वर्गातून हमखास पहिला प्रश्न येतो: "सर, सिमिलॅरिटी किती टक्के चालते?" तुमच्या डोक्यातही हाच प्रश्न असेल, तर आधी त्याचं सरळ उत्तर घेऊ. मग तो प्रश्न अपुरा का आहे ते बघू.

नियम काय सांगतो?

वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी यूजीसीने जुलै २०१८ मध्ये नियमावली काढली. त्यानुसार प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांमध्ये असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यायचा. ४० ते ६० मध्ये असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पदवी हातात पडल्यावर चोरी सिद्ध झाली तरी सुटका नाही, पदवी काही काळ स्थगित होऊ शकते.

हे साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार, प्रमाणित समीकरणं आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं वगळली जातात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच नियमावलीतलं आणखी एक कलम सहसा कुणी वाचत नाही. सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निकाल आणि निष्कर्ष यांत साम्य नकोच, असं ते सांगतं. सूट आहे ती फक्त सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणाऱ्या शब्दांना, तीही सलग १४ शब्दांपर्यंत. म्हणजे अहवालात एकूण ६ टक्के आले, पण ते सगळे 'निष्कर्ष' प्रकरणातले असतील, तर "माझं दहाच्या आत आहे" म्हणून निर्धास्त राहता येणार नाही.

सॉफ्टवेअरला काय दिसत नाही?

सॉफ्टवेअर शब्द जुळवतं, बस्स. इंग्रजी पेपरमधला परिच्छेद मराठीत आणून आपल्या नावावर लिहिला, तर अहवाल बहुधा स्वच्छ येईल. पण ती चोरीच. उलट, तुमच्या प्रयोगपद्धतीतली "द्रावण गाळून घेतले आणि सुकवले" छापाची वाक्यं लाल होतील, आणि त्यात गैर काहीच नसेल. म्हणून अहवाल आला की टक्केवारी बघून बंद करू नका. प्रत्येक रंगवलेली ओळ वाचा आणि स्वतःला विचारा, हा विचार कुणाचा आहे आणि तसं मी लिहिलंय का?

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी तर याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. यान हेंड्रिक श्योन हे नाव लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला हा तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ 'नेचर' आणि 'सायन्स'मध्ये धडाधड पेपर छापत होता. मग काही शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत नॉइज मात्र हुबेहूब तोच आहे. नॉइज म्हणजे मापनातली आपोआप येणारी थरथर. ती दोनदा सारखी येऊच शकत नाही. २००२ मध्ये चौकशी समितीने २४ आरोप तपासले आणि त्यांपैकी १६ मध्ये गैरवर्तन सिद्ध झालं. समितीने मूळ नोंदी मागितल्या, तेव्हा नीट ठेवलेल्या नोंदवह्या नव्हत्या आणि मूळ डेटाच्या फाइली पुसलेल्या होत्या. कारण काय दिलं? संगणकात जागा नव्हती!

आता विचार करा, त्याचे पेपर सिमिलॅरिटीच्या सॉफ्टवेअरमधून काढले असते तर काय हाती लागलं असतं? खोटी होती ती आकडेवारी, आणि आकडे खरे की खोटे हे त्या सॉफ्टवेअरला कळत नाही.

सुरुवात कुठे होते?

बीएस्सीचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आठवा. टायट्रेशनची तीन रीडिंग घ्यायची आणि सी. बी. आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, लिहायचं. एक रीडिंग १०.२ आलं, बस सुटायची वेळ झाली, की खालच्या दोन ओळीही १०.२ ने भरायच्या. कुणाचं काही बिघडत नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं. संशोधनात उत्तर कुणालाच माहीत नसतं. तिथे न घेतलेलं रीडिंग लिहिलं, तर ते चुकीचं आहे हे सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नसतं. मग पुढचा विद्यार्थी त्याच आकड्यावर विसंबून दोन वर्षं घालवतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून एवढं करा:

१. नोंदवही पेनाने लिहा, तारीख घाला. चुकलं तर एक रेघ मारा, खाडाखोड नको, पान फाडणं तर नाहीच.

२. यंत्रातून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवा. आकडेमोड नेहमी तिच्या प्रतीवर करा.

३. रेषेवर न बसणारा बिंदू वगळायचा असेल तर आधी प्रयोग पुन्हा करा. तरीही वगळलात तर कारण वहीतही लिहा आणि पेपरमध्येही.

४. लॅबमधल्या ताई-दादाचा डेटा वापरलात तर विचारून वापरा आणि त्यांचं श्रेय द्या.

"हा एक पॉइंट काढून टाक" असं मार्गदर्शकांनीच सांगितलं तर? अवघड आहे, कारण प्रबंधावर त्यांची सही लागते. पण "सर, कारण काय लिहू?" एवढं नम्रपणे विचारता येतं. कारण खरं असेल तर ते लगेच सांगतील आणि तुम्हीही काहीतरी शिकाल. उत्तर मिळालं नाही, तर तो बिंदू आलेखात राहू द्या.