बॉनेटखालचा भाता

पुण्याच्या एका वाचकाने विचारलं आहे : २००९ची मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर मिळते आहे, सिंगल ओनर, किंमत नव्या हॅचबॅकएवढी. रोज कोथरूड ते हिंजवडी जायचं आहे. 'सुपरचार्जरवालं इंजिन लवकर बसतं, असं मित्र म्हणतात. खरं आहे का?'

आधी माझ्यासोबत आमच्या सोसायटीच्या तळघरात चला. पार्किंगच्या टोकाला एसटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याची, खोली आहे. तिथे एक ब्लोअर दिवसरात्र घुमत असतो. सांडपाण्याच्या टाकीतले जिवाणू त्याच्या हवेवर जगतात. आत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन रोटर एकमेकांना न शिवता विरुद्ध दिशांना फिरतात. बाजूला बटणाएवढी गोल काच आहे. ऑपरेटर सकाळी आला की ती काच फडक्याने पुसतो, तेलाची पातळी बघतो, पट्टा अंगठ्याने दाबून बघतो आणि मगच चहाला जातो. वाचकाच्या मर्सिडीजमधला, इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर हा याचाच धाकटा भाऊ. फरक इतकाच, की त्याच्या रोटरना पीळ दिलेला असतो आणि ते मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेऊ शकतात.

हे यंत्र गाडीसाठी जन्मलंच नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणी चालवायला पाणचक्कीपेक्षा बरं काही हवं, म्हणून त्यांनी लाकडी रोटरचं यंत्र बनवलं. पाण्याने लाकूड फुगलं आणि रोटर अडकले. मग ते तासून, कोरडेच फिरवून पाहिले, तेव्हा वाऱ्याच्या झोताने मुकादमाची टोपी उडाली, अशी गोष्ट सांगतात. टोपीचं खरंखोटं काहीही असो, १८६० साली त्यांनी पेटंट घेतलं आणि ओतकामाच्या भट्ट्यांना न थकणारा भाता मिळाला. १८७०मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेखाली आल्फ्रेड बीचने हवेच्या जोरावर प्रवाशांचा डबा ढकलून दाखवला, तोही रूट्सच्याच ब्लोअरने! त्या धुडाला 'वेस्टर्न टॉर्नेडो' म्हणत.

इंजिनात जादा हवा कोंबायची कल्पना गॉटलीब डाइमलरने १८८५मध्येच पेटंट केली होती. १९२१च्या बर्लिन प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या मर्सिडीज गाड्या मांडल्या गेल्या. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरच त्यांचा ब्लोअर जोडला जाई आणि किंचाळत सुटे. मोटारींच्या इतिहासात डाइमलर पानोपानी भेटतो. रूट्स बंधू मात्र 'रूट्स पद्धत' एवढ्या दोन शब्दांत उरले, याचं मला फार वाईट वाटतं.

डिकीवर 'कॉम्प्रेसर' लिहिलेलं असतं, पण हा पंप आपल्या पोटात हवा दाबत नाही. रहाट आठवा. गाडगी पाणी भरून घेतात आणि वर नेऊन ओततात, पिळत नाहीत. रोटर आणि कवच यांच्यातल्या पोकळीत हवा तशीच, आहे त्या दाबाने पलीकडे जाते. खरी दाबादाबी होते ती दारात. पुढे आधीच दाटीवाटीने भरलेली हवा उलटी आत घुसते, नव्या हवेला चेपते आणि मग दोघी मिळून पुढे ढकलल्या जातात. दादरला भरलेल्या लोकलमध्ये चढताना जो घाम फुटतो, तोच इथे उष्णतेच्या रूपाने निघतो. ३५ अंशांची हवा दीडपट दाबाला नेली, तर आदर्श गणितातही ती ८० अंशांच्या जवळ जाते. प्रत्यक्षात त्याहून गरम. म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर लागतो. आधीच्या मालकाने हौसेने लहान पुली बसवून दाब वाढवला असेल, तर उष्णता वाढते आणि इंजिन नॉक होण्याचा धोकाही. अशी गाडी रोजच्या वापरासाठी घेऊ नका.

मित्रांची भीती मात्र चुकीच्या जागी आहे. चांदणी चौकात गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, तेव्हा बायपास झडप उघडी असते. हवा गोल फिरून परत येते आणि सुपरचार्जरवर जवळजवळ भारच नसतो. १.८ लिटरच्या इंजिनातली १८४ अश्वशक्ती तुम्ही पाय दाबाल तेव्हाच जागी होते आणि टर्बोसारखी वाट बघायला न लावता.

सुपरचार्जर बिघडतो तो बहुतेक तेलावाचून. रोटरना एका तालात ठेवणारे गिअर आणि बेअरिंग ज्या तेलात चालतात, ते चहाच्या कपाहूनही कमी असतं आणि असे बरेच सुपरचार्जर 'आयुष्यभरासाठी भरलेले' म्हणून विकले गेले. कोणाचं आयुष्य? पहिल्याच मालकाकडे ही गाडी पंधरा वर्षांहून जुनी झाली आहे. पहिल्या सुपरचार्ज्ड मिनी कूपर एसमध्ये तर पाण्याचा पंपही सुपरचार्जरच्याच टोकावर चाले. तेल आटलं, गिअर झिजले, की पंप थांबायचा आणि इंजिन उकळायचं.

या मर्सिडीजच्या इंजिनाची टायमिंग चेन आणि कॅमशाफ्टची दातेरी चक्रंही झिजतात, हे मेकॅनिक मंडळींना चांगलं ठाऊक आहे. १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर झाला आहे का, ते आरसीवर पाहा. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलात २० टक्के इथेनॉल नव्हतं, तेव्हा इंधनाच्या जुन्या रबरी नळ्यांनाही एकदा हात लावून बघा.

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन रात्रभर थंड राहू द्यायला सांगा. सुरू करताच पहिल्या काही सेकंदांत खडखड आली, तर चेनकडे संशय. रिकाम्या गतीवर सुपरचार्जरच्या नाकाकडून खुळखुळ आली, तर आतलं कपलिंग झिजलंय. बारीक शिट्टी आली तर घाबरू नका, तो त्याचा आवाजच आहे. मग पट्टा उतरवून पुली हाताने फिरवा. कुठे अडखळायला नको. शेवटी मेकॅनिकला सिरिंजने थोडं तेल काढायला लावा. काळं, कुजकट वासाचं निघालं तर नवं भरता येईल. पांढऱ्या फडक्यावर त्यात धातूची चमक दिसली, तर चावी परत करा.